पहिलं पाकपुस्तक घेताना आधी पोह्यांचं पान उघडा

प्रश्न एका मावशींचा आहे. त्यांचा जळगावचा भाचा नोकरीसाठी पुण्याला निघालाय. बाणेरला मित्राबरोबर फ्लॅट घेतलाय, तिथे इंडक्शन शेगडी आहे आणि आईनं तीन लिटरचा कुकर दिलाय. स्वयंपाकातलं येतं काय, तर चहा, मॅगी आणि उकडलेलं अंडं. मावशींना त्याला पाकपुस्तक भेट द्यायचंय, पण दुकानातली भिंतभर पुस्तकं बघून त्या हात हलवत परत आल्या. त्यांना एकच नाव हवंय.

मी ठाण्यात नवशिक्यांना स्वयंपाक शिकवते आणि हा प्रश्न मला दर बॅचला कुणी ना कुणी विचारतंच. नाव हवं असेल तर लगेच सांगते: कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा', पहिला भाग. 1970 साली आलेलं हे पुस्तक अजून दुकानात मिळतं. कमलाबाईंना 'एक लाख सुनांची सासू' म्हणायचे ते काही उगाच नव्हे. त्यांनी ग्रॅम-किलो बाजूला ठेवून वाटी आणि चमचा ही घरातली मापं धरली, त्यामुळे वजनकाटा नसलेल्या घरातही पुस्तक चाललं. पण तुमच्या भाच्याच्या बाबतीत नुसतं नाव सांगून भागणार नाही. एक तर तो खान्देशातला आहे, दुसरं म्हणजे त्याच्याकडे गॅस नाही. या दोन गोष्टींमुळे पुस्तक बरोबर असूनही त्याचा पदार्थ चुकू शकतो. शिवाय दुकानात 'रुचिरा'च्या शेजारी आणखी डझनभर पुस्तकं असतात, त्यातलं एखादं त्याला जास्त जवळचं वाटेल. म्हणून पुस्तक पारखायचं कसं ते सांगते.

अनुक्रमणिकेत किती पदार्थ आहेत हे मोजू नका. पाचशे पाककृतींचं पुस्तक नवशिक्याच्या कामाचं असतंच असं नाही, आणि 'एकशे एक चटण्या' तर नक्कीच नसतं. पुस्तक हातात घ्या आणि सरळ कांदेपोह्यांचं पान काढा. पुरणपोळीचं नको, बिर्याणीचं नको. अवघड पदार्थ लिहिताना प्रत्येक लेखक जागरूक असतो. 'हे तर सगळ्यांना येतंच' असं वाटतं तिथे तो घाईत पुढे सरकतो, आणि नवशिक्याला नेमकं तिथेच कुणीतरी थांबून सांगायला हवं असतं.

कित्येक पुस्तकांत पोहे साधारण असे असतात: 'पोहे भिजवून घ्यावेत. फोडणी करून कांदा परतावा. पोहे घालून वाफ आणावी. चवीनुसार मीठ, साखर घालावी.' यात खोटं काही नाही. पण पोहे भिजवायचे म्हटल्यावर नवखा मुलगा ते मटकीसारखे पातेलंभर पाण्यात घालून आंघोळीला जातो. परत येतो तेव्हा पातेल्यात लगदा झालेला असतो. पोहे जाडे की पातळ, हेही त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदारानं चिवड्याचे पातळ पोहे दिले असतील तर सगळंच संपलं.

आता माझ्या वर्गात मी हेच कसं लिहून देते ते बघा. जाडे पोहे चाळणीत घ्या, नळाखाली दोनदा धुवा, पाणी निथळू द्या आणि दहा मिनिटं चाळणीतच राहू द्या. मग एक पोहा दोन बोटांत दाबा. तो सहज तुटला पाहिजे, पण बोटाला पिठासारखा चिकटता कामा नये. मध्ये कडक लागला तर पाण्याचा एक हबका मारा आणि आणखी पाच मिनिटं थांबा. मीठ आणि साखर पोह्यांवरच भुरभुरवून हलक्या हातानं मिसळा, म्हणजे कढईत ढवळाढवळ करावी लागत नाही.

या दोन मजकुरांत फरक लांबीचा नाही, खुणेचा आहे. कुठे थांबायचं आणि चुकतंय हे कशावरून ओळखायचं, एवढं जे पुस्तक सांगतं ते पहिलं पुस्तक म्हणून चालेल. 'कांदा परतावा' आणि 'कांदा कडेनं तांबूस दिसेपर्यंत परतावा' यातलं दुसरं वाक्य लिहिणारा लेखक शोधा. फोटो बघतानाही हेच बघा. वरून कोथिंबीर पेरलेल्या डिशचा फोटो शिकवत काहीच नाही. अर्ध्यात असलेल्या मसाल्याचा, तेल सुटायला लागलेल्या वाटणाचा फोटो असेल तर ते पुस्तक चार पैसे जास्त देऊन घ्या.

दुसरं पान फोडणीचं. बऱ्याच पुस्तकांत फोडणीला स्वतंत्र पान नसतंच, 'नेहमीप्रमाणे फोडणी करून' एवढ्यावर काम भागवलेलं असतं. ज्याला नेहमीचं काय हेच ठाऊक नाही त्यानं काय करायचं? तेल तापलं की नाही हे मोहरीचा एक दाणा टाकून बघायचं. तो लगेच तडतडला की बाकीची मोहरी टाकायची आणि आच कमी करायची. तडतड ओसरली की जिरं, मग हिंग, आणि हळद सगळ्यात शेवटी, कारण ती क्षणात करपते आणि कडू होते. हळद टाकली की पाठोपाठ कांदा किंवा भाजी पडलीच पाहिजे. कच्ची राहिलेली मोहरीही कडवटच लागते, हे मात्र फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. इंडक्शनवर हाच क्रम अंगाशी येतो, कारण पातळ बुडाची कढई भराभर तापते आणि आच कमी केली तरी शेगडी चालू-बंद होत उष्णता झटक्याझटक्यानं देते. जाड बुडाची, चुंबक चिकटणारी कढई हवी. हळद टाकायच्या आधी कढई सरळ शेगडीवरून उचलून बाजूला ठेवली तरी चालतं, तेलात तेवढी धग असतेच. आईनं दिलेला कुकर ॲल्युमिनियमचा असेल आणि त्याला इंडक्शनचं बूड नसेल तर तो त्या शेगडीवर तापणारच नाही, हे तो निघायच्या आधीच तपासून घ्या.

मग मिठाकडे या. 'चवीनुसार मीठ' या दोन शब्दांवर माझा जुना राग आहे. चव घेऊन मीठ ठरवायला जिभेला सवय लागते आणि ती सवय लावण्यासाठीच तर माणूस पुस्तक घेतो. चांगलं पुस्तक निदान सुरुवातीचा आकडा देतं. अर्धा किलो भाजीला सपाट एक टीस्पून, म्हणजे साधारण सहा ग्रॅम मीठ घालून बघा, मग कमीजास्त तुमचं तुम्ही करा. पालेभाजीला मात्र ती शिजून बसल्यावरच मीठ घाला. कढई भरून दिसणारा चुका किंवा मेथी पाच मिनिटांत मूठभर होते आणि आधी अंदाजानं टाकलेलं मीठ डोळ्यांत पाणी आणतं.

वाटीच्या मापावर थोडं जास्त बोलते, कारण वर मी त्याचंच कौतुक केलंय. वर्गात मी सगळ्यांना घरून आमटीची वाटी आणायला सांगते आणि पाणी ओतून मोजते. कुणाची शंभर मिलिलिटरची निघते, कुणाची पावणेदोनशेची. बाजारातला मेजरिंग कप असतो 240 किंवा 250 मिलिलिटरचा. आता एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे प्रमाण कुठल्याही वाटीनं जमतं, फक्त वाटी तीच हवी. घोळ होतो तो वाटी आणि चमचा एका ओळीत आले की. 'दोन वाट्या बेसन, एक चमचा मीठ' यात वाटी लहान-मोठी झाली की मिठाचं गणित कोलमडतं. चमच्याचंही तसंच. चहाचा, पोहे खायचा, वाढायचा, सगळे चमचेच. म्हणून पुस्तकाच्या सुरुवातीला 'आमची वाटी एवढ्या मिलिलिटरची, आमचा चमचा एवढा' असं पान आहे का ते बघा. असलं तर लेखकानं नवशिक्याचा विचार केलाय. नसलं तर वाटी दीडशे मिलिलिटरची आणि चमचा पाचचा धरून सुरुवात करा, बहुतेक वेळा निभावतं. भेटीत पुस्तकाबरोबर मापाच्या चमच्यांचा जुडगा द्या, सव्वापासून पंधरा मिलिलिटरपर्यंतचा. त्याचा उपयोग पुस्तकापेक्षा कमी नाही.

घरात आजीचं जुनं, पानं पिवळी पडलेलं पुस्तक असेल तर ते मायेनं सांभाळा, पण पहिलं पुस्तक म्हणून देऊ नका. मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा बरीच जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 सालचं आहे आणि मुंबईतल्या पाठारे प्रभू समाजाच्या स्वयंपाकघराचा त्यात खजिना आहे. पण त्या काळच्या पुस्तकांत मापं शेर-तोळ्याची. मेट्रिक मापं आपल्याकडे आली 1958 नंतर, तीही टप्प्याटप्प्यानं. तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम आणि ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. ही आकडेमोड करत भेंडीची भाजी करायची म्हणजे रात्रीचे दहा वाजायचे.

आता खान्देशाचा मुद्दा. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. मराठी पाकपुस्तकांतली बरीचशी पुणे, मुंबई, कोकण, सांगलीकडच्या ब्राह्मणी किंवा सारस्वत स्वयंपाकघरांतून आलेली आहेत. तिथे मसाला म्हणजे गोडा मसाला आणि आमटीत चिंच किंवा आमसूल आलं की पाठोपाठ गूळ आलाच. जळगावच्या मुलानं पुस्तकाबरहुकूम आमटी केली आणि पहिला घास घेतला की तो म्हणणार, हे गोड काय केलं? आमटीत काही चुकलेलं नसतं, ती दुसऱ्या घरची असते एवढंच. पण नवशिक्याला हे कळत नाही. त्याला वाटतं आपल्याला जमलं नाही.

उलटही होतं. आईनं डब्यात भरून दिलेला काळा मसाला हा खोबरं काळपट होईपर्यंत भाजून केलेला, तिखट. पुस्तकातल्या 'दोन चमचे मसाला' या ओळीवर विसंबून त्यानं तो मसाला घातला तर जेवताना रुमाल लागणार. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या मुलांचं तर आणखी वेगळं. त्यांच्या कांदा-लसूण मसाल्यात तिखट असतं आणि मीठही असतं. गोड्या मसाल्याच्या जागी तो तेवढाच घातला आणि मीठ वेगळं घातलं की भाजी गेली वाया. मालवणी मसाला, सावजी, आगरी-कोळी, मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा बॉटल मसाला, प्रत्येकाचा जोर वेगळा. म्हणून पुस्तक निवडताना शेवटची पानं चाळून लेखक कोणता मसाला धरून चाललाय ते बघा, आणि तो तुमच्या घरच्या डब्यातला नसेल तर पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून द्या: 'यातला मसाला आपल्या मसाल्याच्या निम्मा तिखट समज. गूळ गाळ. तिखट आईच्या हिशोबानं.' एवढ्या तीन ओळींत 'रुचिरा' जळगावला चालायला लागतं.

जाता जाता एक सांगते. पाकपुस्तकांच्या दुकानात ज्या घरांचं जेवण जवळजवळ दिसतच नाही त्यांच्याबद्दल शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलंय. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजाच्या अन्नाचं ते पुस्तक आहे. नवशिक्याला पहिलं म्हणून द्यायचं ते नाही, पण थोडा हात बसल्यावर त्यानं ते वाचावं. 'मराठी जेवण' म्हणून आपण जे धरून चालतो ते किती थोड्या घरांचं आहे हे त्यातून ध्यानात येतं.

खान्देशी पदार्थांचं वेगळं पुस्तकच द्यावं का, असंही कुणी विचारेल. द्या, पण जोडीला. प्रादेशिक पुस्तकं बहुधा तिथल्या खास पदार्थांवर भर देतात. शेवभाजी, पाटोड्यांची भाजी, कळण्याची भाकरी, वरण-बट्टी असं सगळं येतं, आणि मंगळवारी रात्री ऑफिसातून आल्यावर करायची साधी कोबीची भाजी त्यात सापडत नाही. पहिल्या वर्षी लागणार आहे ती कोबीच.

यावरूनच मागची सूची बघायची आठवण झाली. फ्रीजमध्ये अर्धा दुधी उरलाय, त्याचं काय करू, या प्रश्नाला पुस्तकानं अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायला हवं. पदार्थ 'भाज्या', 'कोशिंबिरी', 'उपवासाचे' अशा गटांत असतील आणि प्रत्येक गटात भाजीच्या नावानं लावलेले असतील तर काम सोपं होतं. 'पाहुणे येणार असताना', 'पावसाळी संध्याकाळ' अशी प्रकरणं वाचायला छान, शोधायला वैताग.

कुकरच्या बाबतीत एक आडवळणाचा सल्ला. कुकरच्या खोक्यात येणारी पुस्तिका फेकू देऊ नका. काही कंपन्यांची पुस्तिका ही खरं तर लहानसं, फार नीट लिहिलेलं पाकपुस्तक असतं, कारण ते लिहिणाऱ्यांना आपल्या भांड्याचा आकार आणि दाब पक्का माहीत असतो. आपण शिट्ट्या मोजतो, पण शिट्टी म्हणजे वेळ नव्हे. आच मोठी, कुकर लहान, आत पदार्थ थोडा असला की चार शिट्ट्या भराभर होतात आणि डाळ बोटचेपी राहते. आत दाब पूर्ण भरला की पाणी साधारण 120 अंशांवर जातं, शिजण्याचं काम तिथून पुढे होतं. म्हणून 'पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून इतकी मिनिटं' असं लिहिणाऱ्या पुस्तकावर जास्त भरवसा ठेवा. तूरडाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर दहा मिनिटं बहुतेक पुरतात. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच, आंबटात डाळ मऊ पडत नाही. पुण्यात बोअरचं पाणी येत असेल तर तेही कारण असू शकतं, जड पाण्यात डाळ शिजायला हटवादीपणा करते. अशा वेळी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरून बघायला सांगा.

तांदळाचंही पुस्तकात नाव हवं. नुसतं 'तांदूळ' लिहिणाऱ्या लेखकाच्या मनात एक तांदूळ असतो आणि आपल्या डब्यात दुसरा. जुन्या कोलमला दोन-सव्वादोन पट पाणी लागतं, नव्या इंद्रायणीला त्याहून कमी, आणि इंद्रायणीचा भात चिकटच होतो, तो मोकळा व्हावा म्हणून झटापट करू नये.

प्रमाण किती माणसांचं आहे हेही पान उलटून बघा. घरगुती पुस्तकांतलं प्रमाण चार ते सहा माणसांचं असतं आणि इथे जेवणारे दोघे. निम्मं करताना मीठ, मसाला, भाजी बिनधास्त निम्मी करा. पाणी मात्र सरळ निम्मं होत नाही, कारण ते किती आटेल हे कढईच्या तोंडावर ठरतं. रुंद कढईत दोन माणसांची आमटी टाकली की ती पिठल्यासारखी होते. फोडणीचं तेलही फार कमी करता येत नाही, मोहरी बुडेल एवढं तरी लागतंच.

हॉटेलच्या शेफ मंडळींची चकचकीत पुस्तकं पहिल्यांदा नकोत. त्यात एका भाजीसाठी आधी दोन ग्रेव्ह्या करून ठेवाव्या लागतात. परदेशी पुस्तकं ओव्हन धरून चालतात. 'झटपट' म्हणणाऱ्या पुस्तकांत निम्मं काम बाजारची पाकिटं करतात, त्यातून शिकायला काही मिळत नाही. मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा' हे मराठी घरांत रुळलेलं आणखी एक नाव, ते आणि 'रुचिरा' शेजारी ठेवून वर सांगितल्याप्रमाणे पोह्यांचं पान वाचा आणि ज्याची भाषा भाच्याच्या कानाला सोपी वाटेल ते घ्या.

व्हिडिओ आहेत तर पुस्तक कशाला, हा प्रश्न भाचाच विचारेल. व्हिडिओ जरूर बघावेत, विशेषतः कणकेसाठी. पाव किलो कणकेला दीडशे ते पावणेदोनशे मिलिलिटर पाणी लागतं हे पुस्तक सांगेल, पण मळून झालेली कणीक बोटानं दाबल्यावर कशी दिसते ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मात्र पीठ लागलेल्या हातानं फोन मागेपुढे करत बसणं आणि ओट्यावर उघडं पडलेल्या पानावर नजर टाकणं यात पुस्तक सोयीचं. म्हणूनच बांधणी बघा. आपोआप मिटणारं पुस्तक ओट्यावर टिकत नाही. आणि फुलके गॅसवर फुगवायला सांगणाऱ्या कृतीचा त्याला उपयोग नाही, घडीची पोळी तव्यावर कापडानं दाबत भाजायला शिकवणारी कृती हवी.

लगेच विकत घ्यायची घाई नसेल तर आधी वाचनालयात जा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, पुण्यातही वाचनालयांची वाण नाही, आणि पाकपुस्तकांचं कपाट बहुतेक ठिकाणी असतंच. तिथली प्रत हातात घेतली की कुठली पानं खरोखर वापरली गेली ते दिसतं. हळदीची बोटं, तेलाचा पारदर्शक डाग, कुणीतरी समासात 'पाणी जास्त' असं लिहिलेलं. ज्या पुस्तकाची साध्या भाज्यांची पानं अशी बरबटलेली आहेत ते डोळे झाकून घ्यावं. फक्त केक आणि आइस्क्रीमची पानं मळलेली असतील तर ते पुस्तक लोकांनी हौसेसाठी नेलं होतं. जुनी प्रत विकत हवी असेल तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात चक्कर टाका.

पुस्तकाबरोबर एक कोरी वही द्या आणि त्यात त्याच्या आईच्या हातचे पाच-सहा पदार्थ लिहून द्या: वरण, खिचडी, एक सुकी भाजी, एक रस्सा, ठेचा. लिहिताना ताईंना विचारू नका, त्या 'घालायचं अंदाजानं' असंच म्हणतील. त्या करत असताना शेजारी उभं राहा, त्यांच्या चिमटीतलं मीठ, डावातलं तेल मापाच्या चमच्यात ओतून घ्या आणि मग लिहा.

वांग्याचं भरीत मात्र त्या वहीत घालायची घाई करू नका. इंडक्शनवर वांगं भाजलं जात नाही. आणि तूरकाठ्यांच्या जाळावर भाजलेलं खाल्लेल्या मुलाला तव्यावर भाजलेलं वांगं आवडायचं नाही. हिवाळ्यात तो घरी येईल तेव्हा तिकडेच खाईल. पुण्यात करायचंच म्हणाला तर लहान एक-बर्नर गॅस आणि पाच किलोचं सिलिंडर घ्यायला सांगा, मग फुलक्यांचाही प्रश्न सुटेल.